विहिरीच्या पाण्याची रंगपरीक्षा

पेण तालुक्यात भोगावतीकाठची आणि रोहा तालुक्यात कुंडलिकाकाठची भातखाचरे पावसावर पिकतात. परंतु तोच पाऊस उकिरडे व गोठे धुऊन कठडा नसलेल्या उथळ विहिरींत उतरतो. पाणी निवळले म्हणजे शुद्ध झाले, हा समज घातक आहे. अतिसार, कॉलरा व विषमज्वर ह्यांचे जंतू निवळशंख पाण्यातही असू शकतात आणि त्यांचा पहिला घाला लहान मुलांवर पडतो.

पाण्यात विष्ठेचा अंश मिसळला आहे किंवा नाही, हे ओळखण्यासाठी ई. कोलाय ह्या जिवाणूचा शोध घेतात. माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत त्याची वस्ती असते. त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी आहेत. तथापि तो जेथे पोहोचला, तेथे रोगजंतूंनाही वाट मोकळी आहे असे समजावे.

अन्नाचे विघटन करण्यासाठी जिवाणू विकर म्हणजेच एन्झाइम तयार करतात. परीक्षेच्या पुडीत पोषक द्रव्यांबरोबर दोन विशेष रासायनिक द्रव्ये असतात. कोलिफॉर्म गटातील जिवाणूंच्या विकराने पहिले द्रव्य फुटते व पाणी पिवळे होते. ई. कोलायच्या विकराने दुसरे फुटते आणि अंधारात अतिनील दिव्याखाली पाणी निळे चमकते. १०० मिलिलिटर नमुन्यात पुडी मिसळून तो ३५ अंश सेल्सिअस उष्णतेत २४ तास ठेवतात. आयएस १०५००:२०१२ ह्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये.

नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा. बाटलीच्या तोंडास बोट लावू नये. तो थंड ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा. विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकलेली असल्यास बाटलीत सोडियम थायोसल्फेट असणे आवश्यक आहे. एरवी उरलेल्या क्लोरीनने जंतू बाटलीतच मरतात व निकाल फसवा येतो.

पाणी चमकले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. ई. कोलायची ओ१५७ ही घातक जात सहसा चमक दाखवीत नाही. विषाणू तर ह्या परीक्षेत कळतच नाहीत. म्हणून निकाल येईपर्यंत पाणी उकळून प्यावे. जलसुरक्षकाने चांगल्या प्रतीची टी.सी.एल. पावडर दर १,००० लिटर पाण्यास सुमारे २.५ ग्रॅम ह्या प्रमाणात टाकावी, तासभर पाणी उपसू देऊ नये व नंतर क्लोरीन तपासावे. विहिरीस कठडा बांधणे व उकिरडा दूर हलविणे, हाच खरा कायमचा उपाय होय.