डुकराला थोपवणारा कुत्रा

पेरलेलं रान रानडुकरांनी एका रात्रीत उकरलं म्हणजे काय होतं, हे कोकणातल्या किंवा विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पण हीच तक्रार मी मार्च 2018 मध्ये अमेरिकेत ऐकली. मुलीकडे ह्यूस्टनला गेलो होतो. तिच्या ओळखीचा एक शेतकरी ब्राझोस नदीच्या बाजूला शेती करायचा. त्यानं मका पेरला होता आणि डुकरं तासातासानं चालत जाऊन एकेक दाणा उकरून खात होती. पेरणीयंत्र पुढे गेलं तसं मागून डुक्कर गेलं, असंच वाटावं!

डुक्कर हे तिथलं मूळ जनावर नव्हे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ते नेलं. हेर्नांदो दे सोतो 1539 मध्ये फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्या तांड्यात डुकरं होती. पाळीव डुकरं सुटली, पुढे शिकारीसाठी आणलेली युरोपातली रानडुकरं त्यांत मिसळली, आणि आज एकट्या टेक्सासात त्यांची संख्या वीस लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे. सापळे, बंदूक, हेलिकॉप्टर, सगळं करून झालं. 2019 च्या सप्टेंबरपासून तर खाजगी जमिनीवर, मालकाच्या संमतीनं डुक्कर मारायला तिथं शिकारीचा परवानाही लागत नाही. आणि एक जुना उपाय आहे, तो म्हणजे कुत्री.

कुत्रं डुक्कर मारतं, असा आपला समज असतो. तसं नाही. यातल्या मुख्य कुत्र्याचं काम डुक्कर शोधायचं, त्याच्या तोंडासमोर उभं राहायचं आणि माणूस येईपर्यंत भुंकत राहायचं, एवढंच. चावायचं नाही. लुइझियानाची काटाहूला ही जात या कामासाठी नावाजलेली. अंगावर ठिपके, डोळे पुष्कळदा काचेसारखे निळसर. 1979 पासून ती त्या राज्याची अधिकृत कुत्रा-जात आहे. डुकराचा कान धरून ठेवणारं कुत्रं वेगळं. ते दणकट, बुलडॉगच्या वळणाचं असतं आणि शेवटी सोडतात. तो भाग मला पाहवला नाही, हे कबूल करतो.

तर त्या शेतकऱ्याकडे दोन वर्षांचा एक काटाहूला होता. मी जनावरांचा डॉक्टर, निवृत्त झालेला, हे कळल्यावर तो म्हणाला, "हा डुकराला धरून ठेवत नाही. दहा मिनिटं भुंकतो आणि परत येतो. देऊन टाकणार आहे." तिथं अशा कुत्र्याला गिऱ्हाईक मिळत नाही. देऊन टाकणं याचा अर्थ पुष्कळदा वेगळाच असतो.

डुक्कर थांबत का नाही, याची कारणं मी मग तिथल्या जाणत्या लोकांना विचारत गेलो. पहिलं कारण अंतराचं. कुत्रं फार लांबून भुंकलं तर डुक्कर त्याला मोजतच नाही, चालू लागतं. फार जवळ जाऊन मागच्या फऱ्याला चावलं, तर डुक्कर पळतं. खोडाला किंवा झुडपाला पाठ लावून ते उभं राहिलं पाहिजे, आणि कुत्रं त्याच्या नजरेसमोर, पण सुळ्याच्या टप्प्याबाहेर. खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून सतत धारदार होत असतात. एक झटका कुत्र्याची छाती फाडायला पुरेसा होतो. म्हणून तिथं छातीला जाड कापडाचं चिलखत आणि गळ्याला रुंद पट्टा बांधतात.

दुसरं, संख्या. दोन-तीन जाणती कुत्री बरी. पाच-सहा सोडली की एकमेकांच्या जोरावर सगळी धिटावतात, अंगावर जातात, डुक्कर कोंडी फोडून निघून जातं आणि मागे रक्तबंबाळ कुत्री राहतात.

तिसरं कारण माणूस, आणि ते कुणी आपणहून सांगत नाही. डुकराची नजर बेताची, नाक मात्र फार तीक्ष्ण. माणूस वाऱ्याच्या बाजूनं, काटक्या मोडत आला की डुक्कर उधळतं आणि बोल कुत्र्याला लागतो.

चौथं, पहिला अनुभव. पिल्लाला पहिल्याच दिवशी मोठ्या नराचा तडाखा बसला की ते पुढे कच खातं. असं कुत्रं मारून सुधारत नाही. त्याला कुंपणातल्या लहान डुकरासमोर, जाणत्या कुत्र्याच्या जोडीनं, पुन्हा पहिल्यापासून आणावं लागतं.

या कुत्र्यात यातलं काहीच नव्हतं. अंतर बरोबर ठेवायचा, भ्याला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याला पाहिलं. भुंकणं थांबवून तो खोकला; कोरडा, बारीक खोकला. मालक म्हणाला, "धुळीनं होतं." मी म्हटलं, "रक्त तपासून घ्या."

दहा-पंधरा मिनिटांची तपासणी. हृदयकृमी निघाले. हे कृमी डास चावल्यानं शिरतात, फुप्फुसाच्या रोहिण्यांत आणि हृदयात राहतात, वीतभर किंवा त्याहूनही लांब होतात. त्या दमट, डासांच्या किनारपट्टीवर हा रोग पुष्कळ. असं कुत्रं घरी बसून ठणठणीत दिसतं. धावायला लागलं की दम संपतो. महिन्याला एक गोळी दिली असती तर हे टळलं असतं. उपचार मात्र महागडे आणि लांबलेले. इंजेक्शनं द्यायची आणि कित्येक आठवडे कुत्रं बांधून ठेवायचं, कारण मेलेल्या कृमींचे तुकडे फुप्फुसात अडकून जीव जाऊ शकतो.

तिथंच आणखी एक गोष्ट पाहिली. मारलेल्या डुकराचं कच्चं मांस कुत्र्यांना टाकत होते. ते थांबवायला सांगितलं. डुकरांत औयेस्की नावाचा विषाणूजन्य रोग असतो. डुक्कर तो अंगावर काढतं, कुत्रं मात्र दोन-तीन दिवसांत मरतं. त्यावर औषध नाही.

आपल्याकडे अर्थात ही शिकार करता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानडुकराला संरक्षण आहे. पीक नासत असेल तर वनखात्याकडे अर्ज करून रीतसर परवानगी घ्यावी लागते. पण राखणीची कुत्री आपल्याही शेतावर असतात, आणि "पूर्वीसारखं धावत नाही" ही तक्रार मी इथंही अनेकदा ऐकली आहे.

त्या शेतकऱ्यानं उपचार केले. पुढच्या हिवाळ्यात मुलीनं फोनवर कळवलं की कुत्रा पुन्हा रानात जातो, पण मालक त्याला एका वेळी एकाच डुकरावर सोडतो, आणि दुपार व्हायच्या आत घरी आणतो.