मसाल्यातील प्रथिने : कोष्टकातील आणि ताटातील

मसाला म्हणजे केवळ जिभेचा चोचला, त्यात पोषण ते कसले, असा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. उलटपक्षी, मेथीच्या दाण्यात डाळीपेक्षाही अधिक प्रथिने असतात असे ठासून सांगणारेही अलीकडे भेटतात. दोन्ही म्हणण्यांत थोडथोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच दोहोंपासून दिशाभूल होण्याचा संभव आहे. जो शेतकरी मिरची, हळद वा धने पिकवितो आणि ज्याच्या घरी तेच रोज शिजते, त्याने हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

जागतिक अन्न व शेती संघटना १९६१ सालापासून प्रत्येक देशाचा अन्नताळेबंद तयार करीत आली आहे. देशातील उत्पन्नात आयात मिळवावयाची, त्यातून निर्यात, बियाणे व नासधूस वजा करावयाची, आणि उरलेल्यास लोकसंख्येने भागावयाचे, अशी त्याची रीत. या ताळेबंदात धान्ये, कडधान्ये, दूध यांच्याबरोबर मसाल्यांचेही एक खाते असून त्यापासून माणशी रोज किती प्रथिने उपलब्ध होतात, हे त्यात दाखविलेले असते. ‘उपलब्ध’ हा शब्द मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावा. बाजारात आलेले सर्वच पोटात जाते असे नव्हे.

आता मसाल्यांचे घटक पाहू. शेकडा प्रमाण धरल्यास सुक्या मिरचीत सुमारे १६, धन्यांत १४, जिऱ्यात १९, मोहरीत २०, मेथीदाण्यात २६ आणि हळदीत ६ भाग प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत हे प्रमाण २२ आहे. मेथी हे द्विदल पीक. तिच्या मुळांवर हरभऱ्याप्रमाणेच गाठी येतात, तेव्हा तिच्या दाण्यात प्रथिने भरपूर असावीत यात नवल नाही.

परंतु प्रमाण कितीही मोठे असले, तरी पदार्थ किती खाल्ला जातो यावर सारे अवलंबून असते. एका माणसास रोज १० ग्रॅम सुका मसाला लागतो असे हात सैल सोडून धरू : मिरची ४, धने ३, आणि हळद, जिरे, मोहरी प्रत्येकी १ ग्रॅम. वरील प्रमाणांनी यांतील प्रथिनांची बेरीज दीड ग्रॅम होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ६५ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषास रोज ५४ ग्रॅम प्रथिने असावीत असे ठरविले आहे. म्हणजे मसाल्याने गरजेचा जेमतेम छत्तिसावा हिस्सा भागतो. २५ ग्रॅम डाळीत याच्या साडेतीनपट प्रथिने मिळतात.

देशातील मसाल्यांचे उत्पन्न वाढते आहे, तेव्हा हा हिस्साही वाढत असला पाहिजे, असे कोणी म्हणेल. वाढ झाली आहे हे खरे. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१४-१५ साली ६७.६४ लाख टन असलेले उत्पन्न २०२०-२१ साली १०६.७९ लाख टनांवर गेले, आणि निर्यात ८.९४ लाख टनांवरून १६ लाख टनांवर पोहोचली. निर्यात वजा करून लोकसंख्येने भागिले असता माणशी रोजचे वजन ढोबळ मानाने १२ ग्रॅमांवरून १८ ग्रॅमांवर चढलेले दिसते. तथापि या वजनात लसूण व आले हेही धरलेले आहेत, आणि २०२०-२१ च्या उत्पन्नात त्या दोहोंचाच वाटा सुमारे निम्मा होता. ओल्या आल्यात शेकडा ऐंशी भाग पाणी असून प्रथिने अवघी दोन-अडीच भाग असतात. लसणीत ती सहा भाग. तेव्हा टन जितके वाढले तितकी प्रथिने वाढली, असे मानणे चुकीचे ठरेल.

आणखी एक बारकावा आहे. पदार्थातील नत्र मोजून त्यास ६.२५ ने गुणावयाचे आणि येईल तो आकडा प्रथिनांचा समजावयाचा, अशी प्रयोगशाळेतील नेहमीची पद्धत आहे. पण मसाल्यातील सर्वच नत्र प्रथिनांचे नसते. मिऱ्यास तिखटपणा आणणारे पायपरीन हे द्रव्य नत्रयुक्त आहे, पण ते प्रथिन नव्हे. मिऱ्यात ते शेकडा ५ असल्यास कोष्टकात दीड भाग प्रथिने फुकट चढतात.

खरी काळजीची गोष्ट याहून वेगळी आहे. १९६१ साली आपल्या देशात माणशी रोज ६९ ग्रॅम कडधान्ये उपलब्ध होती. २००१ साली ती ३० ग्रॅमांवर आली. पुढे आकडा सावरला व २०११ साली ४३ ग्रॅम झाला, तरी पूर्वीची पातळी त्याने गाठली नाही. त्या ३९ ग्रॅमांच्या घटीबरोबर रोजची सुमारे साडेआठ ग्रॅम प्रथिने ताटातून गेली. ती मसाल्याने भरून काढावयाची तर माणशी रोज आणखी ५७ ग्रॅम मसाला खावा लागेल! वरण पातळ झाले की गृहिणी तिखट वाढविते, तोंडास चव येते, भाकरीही खपते. परंतु उणीव झाकली जाते, भरली जात नाही.

मग मसाल्याचा उपयोग काय? तो वाहक म्हणून थोर आहे. आपले मेतकूट पाहा : हरभरा व उडीद यांच्या भाजलेल्या डाळी हा त्याचा पाया, आणि जिरे, धने, मेथी, हिंग हे सोबती. कारळे, जवस, तीळ वा शेंगदाणे यांच्या चटणीतही मिरची-लसूण निमित्तमात्र असून बळ त्या दाण्यांचेच असते. रानात राबणाऱ्या माणसाच्या शिदोरीत नुसत्या तिखटाऐवजी ही चटणी असणे, हाच लहानसा पण पक्का सुधार होय.

शेतातही हेच धोरण ठेवावे. हळदीला भाव आला म्हणून घरची तूर मोडू नये. हळदीत सुरुवातीस घेवडा, मेथी, कोथिंबीर ही आंतरपिके घेता येतात. त्यांतील घेवडा घरच्यांच्या मुखी लागेल इतका तरी राखावा. मसाला विकून पैसा येतो, आणि तो अवश्य यावा. मात्र त्या पैशातून पहिली खरेदी डाळीची झाली, तरच मसाल्याच्या पिकाने घरातील मुलांस प्रथिने दिली असे म्हणता येईल.