नोकरी, पाळणाघर आणि आईचे दूध

प्रसूतीची रजा संपत आली की नोकरदार मातेपुढे प्रश्न उभा राहतो : बाळाचे अंगावरचे दूध आता तोडावे काय? तशी मुळीच गरज नाही. दूध जितके काढले जाते, तितके ते तयार होते. म्हणून कामाच्या ठिकाणीही दर तीन-चार तासांनी, हात स्वच्छ धुऊन, दूध काढावे. अन्यथा ते हळूहळू आटत जाते.

काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात ४ तास, तर फ्रीजमध्ये ४ दिवस टिकते. आपल्याकडील उकाड्यात ते तत्काळ फ्रीजमध्ये ठेवणेच श्रेयस्कर. डब्यावर बाळाचे नाव, तारीख व वेळ लिहावी. पाळणाघरात ते उकळू नये, मायक्रोवेव्हमध्येही तापवू नये. डबा कोमट पाण्यात ठेवावा आणि दूध वाटी-चमच्याने पाजावे. उष्टे दूध २ तासांनंतर टाकून द्यावे.

प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. तेथे दिवसातून ४ वेळा जाण्याची मुभा मातेला मिळाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. हा मातेचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. तो मागताना तिला संकोच वाटू नये, यासाठी पतीने व घरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या पाठीशी उभे राहावे.