हाताला पुन्हा कामाला लावताना

लकव्यानंतरचे दिवस : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण पायांविषयी बोललो. माणूस काठी धरून चार पावले टाकू लागला की घरात पेढे येतात, आणि नेमकी तिथूनच हाताची हेळसांड सुरू होते. चालायला दोन्ही पाय लागतात, म्हणून दुबळ्या पायाला रोज काम पडतेच. जेवायला मात्र एक हात पुरतो, मोबाइल धरायलाही पुरतो. दुसरा हात मांडीवर पडून राहतो. उज्जैनमधल्या आपल्या मराठी घरांत तर सूनबाई घास भरवते, मुलगा सदऱ्याची बटणे लावून देतो. ही मायाच आहे. पण याच मायेने हात मागे पडतो.

अमेरिकन संशोधक एडवर्ड टॉब यांनी हे माकडांत पाहिले होते. एका हाताची संवेदना गेली की माकड तो हात वापरायचेच सोडून देई. चांगला हात बांधून ठेवला की संवेदना गेलेला हात पुन्हा कामाला लागे. त्यावरून माणसांसाठी उपचार तयार झाला : चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा आणि दुबळ्या हाताकडून कामे करून घ्यायची. २००६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. लकवा होऊन ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण त्यात होते. ज्यांनी दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगला हात झाकून ठेवण्याचा नेम पाळायचा होता, त्यांच्या हातात झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती.

पण याला एक अट आहे. मनगट साधारण २० अंश आणि बोटे १० अंश तरी वर उचलता आली पाहिजेत. ज्याची मूठ आवळलेली आहे, बोट हलत नाही, त्याचा चांगला हात बांधून ठेवणे म्हणजे निव्वळ छळ. हे न पाहता घरी हात बांधू नका.

मग अशा रुग्णाने काय करायचे? इथेच उपचारांची जोडी लागते. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी आधी तुटलेल्या अवयवाच्या वेदनेसाठी आरसा वापरला, आणि १९९९ साली त्यांच्या गटाने तोच लकव्याच्या नऊ रुग्णांवर करून पाहिला. आरसा छातीसमोर उभा धरायचा, दुबळा हात त्याच्या मागे, चांगला हात पुढे. चांगला हात उघडला-मिटला की डोळ्यांना वाटते, दुबळाच हलतो आहे. मेंदू या दिसण्याला प्रतिसाद देतो. दिल्लीच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय संस्थेत कमल नारायण आर्य आणि सहकाऱ्यांनी यात आणखी एक पाऊल टाकले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३३ रुग्ण होते. आरशासमोर नुसती उघडमीट करण्याऐवजी कामे करवून घेतली, आणि नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताची हालचाल जास्त सुधारली. अभ्यास लहान आहे, पण दिशा पटण्यासारखी आहे.

दुसरा जोडीदार म्हणजे स्नायूंना दिलेले विद्युत-उत्तेजन, आपण ज्याला ‘करंट देणे’ म्हणतो ते. पलंगावर पडून, टीव्ही बघत घेतलेला करंट मला वाया गेलेला वाटतो. तोच करंट बोटे उघडायच्या क्षणी, समोरचा पेला धरायचा प्रयत्न चालू असताना मिळाला तर रुग्णाचा प्रयत्न आणि यंत्राची मदत एकत्र येतात. बोटे थोडी उघडू लागली की मग मोज्याची पाळी.

क्रम महत्त्वाचा आहे. सगळे उपचार दहा-दहा मिनिटे देऊन टाकणे म्हणजे जोडी नव्हे. २०१४ साली वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने ४० आढाव्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा एकाही उपचारामागे उच्च दर्जाचा पुरावा सापडला नाही; मध्यम दर्जाचा पुरावा आरसा, हात बांधून सराव आणि एकच काम भरपूर वेळा करणे अशा मोजक्या उपायांमागे होता.

‘भरपूर’ हा शब्द इथे अक्षरशः घ्या. २००९ साली अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांत मोजले, तेव्हा हाताच्या कामाचा सराव एका सत्रात सरासरी ३२ वेळाच होत होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूतला बदल दिसला तो शेकडो वेळा केलेल्या सरावाने. ही तूट दवाखान्यात भरून निघणार नाही, ती घरातच भरावी लागते. वाटीतले हरभरे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकणे, बाफल्यांच्या कणकेचे गोळे वळणे, रिकामा तांब्या पाटावरून फळीवर ठेवणे. उज्जैनजवळच्या भैरूगढच्या कापडछपाईत आयुष्य गेलेल्या माणसासाठी लाकडी ठशासारखे साधन नाही : हात पुढे न्यायचा, ठसा धरायचा, जुळवायचा, दाबायचा. हाताला ठाऊक असलेलेच काम त्याला द्या.

तरीही सगळा भार घरच्यांवर टाकता येत नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात कुटुंबीयांना शिकवून घरी व्यायाम करवले गेले. २०१७ साली निष्कर्ष आला : सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबित्व यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नाही. त्यात फक्त हाताचा विचार नव्हता, पण बोध स्पष्ट आहे. आखणी फिजिओथेरपिस्टची, मोजणी घरच्यांची.

माळव्यात लकवा झाला की नीमचजवळच्या भादवामातेच्या देवळात नेण्याची रीत आहे. जरूर न्या, फक्त तिथल्या मुक्कामातही सराव चुकवू नका.

आणि एक कळकळीची विनंती. दाराला अडकवलेली दोरीची पुली आजच काढा. चांगल्या हाताने ओढून दुबळा हात डोक्यावर नेताना सैल पडलेल्या खांद्याला इजा होते. रुग्णाला उठवतानाही तो हात धरून ओढू नका. पुढच्या लेखांकात दुखऱ्या खांद्याविषयीच लिहीन.