वारा तोच, पाणी उलटे

गेटवेहून मांडव्याला निघणारा माणूस फार तर वारा किती आहे ते विचारतो. वारा कमी तर प्रवास सुखाचा, जास्त तर त्रासाचा, असा त्याचा हिशेब. पण तेवढाच वारा, तीच लाँच आणि दुपारची तीच वेळ असूनही एका रविवारी लोक गप्पा मारत उतरतात आणि पुढच्या रविवारी निम्म्यांचे चेहरे पांढरे पडलेले असतात. फरक असतो तो पाणी कुठल्या दिशेने वाहते आहे याचा. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदराच्या तोंडाशी प्रवाहाला दोन-तीन नॉटचा वेग येतो. समजा वारा 12 नॉटचा आहे आणि पाणी 2 नॉटने त्याच्याच दिशेने चालले आहे. मग पाण्याच्या पृष्ठभागाला वारा जाणवतो 10 नॉटचा. पाणी उलटे फिरले की तोच वारा 14 नॉटचा होतो. वाऱ्याचा रेटा साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दोन्हींत जवळजवळ दुपटीचा फरक पडला. शिवाय उलट्या प्रवाहात शिरलेल्या लाटांचा वेग मंदावतो, त्या एकमेकींच्या जवळ येतात आणि त्यांची उंची वाढते. बोटीतल्या माणसाला छळते ती नुसती उंची नव्हे. मीटरभर उंचीची लांबलचक लाट बोट अलगद उचलून खाली ठेवते. अर्ध्या मीटरची आखूड, उभ्या चढाची लाट मात्र दणके देते.

त्यात लाट कुठून येते याची भर पडते. दर चार सेकंदांनी येणारी लाट खोल पाण्यात सुमारे 25 मीटर लांब असते आणि 12 नॉटने धावते. दहा नॉटने जाणाऱ्या लाँचला ती समोरून भेटली तर दर सव्वादोन सेकंदांनी नाळ आपटते, तुषार उडतात. तीच लाट मागून येत असेल तर दोन लाटांमध्ये वीस-पंचवीस सेकंद जातात. उन्हाळ्यात दुपारनंतर खारे वारे बहुधा वायव्य-पश्चिमेकडून वाहतात. मांडवा गेटवेच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे आहे. म्हणून दुपारी जाताना वारा पाठीशी असतो आणि परतताना जवळजवळ तोंडावर. ओहोटीचे पाणी नैऋत्येला, उघड्या समुद्राकडे धावते. वाऱ्याला ते अगदी समोरासमोर नसले तरी तिरके का होईना, विरुद्धच. संध्याकाळी परतणाऱ्यांचे हाल होतात ते या दोन्ही गोष्टी जुळून आल्यामुळे.

यावर कोणी म्हणेल, मोठ्या बोटीत हे जाणवत नाही. भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून सुटणाऱ्या रो-रो बोटीपुरते ते बरेचसे खरे आहे, कारण तिची लांबी एका वेळी अनेक आखूड लाटांवर टेकते. लाकडी लाँच किंवा स्पीडबोट यांना तो आधार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सकाळी भरती आत येते आणि मतलई वारा बाहेर वाहतो, मग तेव्हाही विरोध असतोच की. असतो. पण मतलई वारा मंद असतो आणि जमिनीवरून येत असल्यामुळे लाट उठवायला त्याला पाण्याचा पुरेसा पल्ला मिळत नाही. मात्र वारा पाठीशी असला की सगळे निर्धोक, असेही समजू नये. उभ्या चढाची लाट मागून चढली तर सुकाणूची पकड ढिली पडते आणि तांडेलाला बोट सरळ ठेवणे जड जाते. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा ओहोटीला ओलांडायचे कोकणातले मच्छीमार टाळतात तेही याच कारणाने: बाहेर धावणाऱ्या पाण्यावर समुद्राची लाट तिथे फुटते.

हे सगळे आधी ओळखायला यंत्र लागत नाही. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा मुंबईला चांगला लागू पडतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे खारा वारा जोरात असताना पाणी नेमके बाहेर धावत असते, आणि तेही उधाणाचे. अष्टमीला भरती सहाला. दुपारभर पाणी वाऱ्याबरोबर आत येते आणि भांगाचे असल्याने प्रवाहही सौम्य असतो. तेव्हा घरचे म्हातारे माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल, तर मांडव्याचा बेत अष्टमीच्या आसपास आखा. पौर्णिमा-अमावास्येलाच जाणे भाग असेल, तर दुपारचे बारा वाजण्याआधी परतीची लाँच पकडा, आणि बसायला जागा बोटीच्या मध्याजवळ, थोडी मागे घ्या. तिथे हेलकावा सर्वात कमी लागतो.