फोर बाय फोर गाडी घेतली, पण नाला ओलांडायचा कधी? चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर काय चालते, काय फसते

चंद्रपूर/गडचिरोली : पावसाळा लागला की दोन्ही जिल्ह्यांत गाडीचा प्रश्न हौसेचा राहत नाही, गरजेचा होतो. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की भामरागडचा संपर्क तुटतो. आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावरच्या खड्ड्यांची तक्रार जुनी आहे. जिवतीचा डोंगर, सिंदेवाही-नागभीडच्या धानाच्या बांध्या, कोरपना-राजुऱ्याची काळी माती, या सगळ्यांतून घरची माणसे, पेशंट, खताची पोती आणि शाळेतली पोरे न्यायची असतात. त्यामुळे अलीकडे गावोगावी मोठ्या, आरामशीर फोर बाय फोर गाड्या दिसू लागल्या आहेत. आतून एसी, सात सीट, मऊ सस्पेन्शन आणि गिअरजवळ 'फोर लो'चे बटण.

पण हे बटण नेमके काय करते, कुठे कामाचे आहे आणि कुठे अजिबात नाही, हे अनेक मालकांना गाडी फसल्यावरच कळते. गाडी घेतल्यानंतर काय बदलावे, काय बदलू नये, यावरही गॅरेजमध्ये वेगवेगळे सल्ले मिळतात. त्यासाठी ही माहिती.

सगळ्या फोर बाय फोर सारख्या नाहीत

शोरूममध्ये चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांचे दोन प्रकार मिळतात. पहिला ऑल व्हील ड्राइव्ह. एक्सयूव्ही ७०० किंवा ग्रँड विटाराचे असे मॉडेल यात येते. ओल्या डांबरावर, मुरमावर, हलक्या चिखलात या गाड्या चांगली पकड देतात. पण त्यांना लो रेंज गिअर नसतो.

दुसरा प्रकार लो रेंजसह फोर बाय फोर. स्कॉर्पिओ-एनचे डिझेल फोर बाय फोर मॉडेल, फॉर्च्युनर, थार, जिम्नी या गाड्या यात मोडतात. लो रेंज लावली की चाकांवर येणारी ताकद दुप्पट-अडीचपट होते आणि वेग तेवढाच कमी होतो. चिखलातून हळू, झटका न देता निघायचे किंवा जिवतीकडून खाली उतरताना ब्रेक न तापवता इंजिनावर गाडी रोखायची, तर हाच गिअर लागतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. लिव्हर किंवा बटणाने लावायची फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. डांबरावर चाक घसरायला जागा नसते, मग सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो. चिखल संपला की टू व्हीलवर यावे.

एक चाक हवेत गेले की

फोर बाय फोर असूनही गाडी अडकते, त्याचे कारण बहुतेक वेळा डिफरन्शियल असते. एका ॲक्सलवरचे एक चाक खड्ड्यात लटकले तर ताकद त्या मोकळ्या चाकाकडेच जाते. ते गरगर फिरते आणि जमिनीवरचे चाक उभे राहते. मागचे डिफरन्शियल लॉक होत असेल तर दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि गाडी निघते. स्कॉर्पिओ-एनच्या फोर बाय फोरमध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे. काही गाड्या हेच काम ब्रेक लावून करतात. त्या गाड्यांत ॲक्सिलरेटर एकदम सोडू नये. पाय हलका पण कायम ठेवला तरच इलेक्ट्रॉनिक्सला फिरणारे चाक ओळखता येते.

दुसरे कारण पोटाची उंची. स्कॉर्पिओ-एनचा ग्राउंड क्लिअरन्स सुमारे १८७ मिलिमीटर आहे, थारचा २२६. फरक चार बोटांचाही नाही, पण ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांत तोच महत्त्वाचा ठरतो. मधला उंचवटा पोटाला टेकला की चारही चाके सैल होतात. सात माणसे आणि मागे सामान भरले की मऊ सस्पेन्शन आणखी खाली बसते. अशा पांदण रस्त्यावर माणसे उतरवून गाडी काढणे हा कोणत्याही ॲक्सेसरीपेक्षा स्वस्त उपाय आहे. शक्य असेल तिथे एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे कडेवर ठेवून चाकोरी टाळावी.

मातीप्रमाणे चालवणे बदलते

काळी माती : वरोरा, राजुरा, कोरपना भागातली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते. पाच-दहा मीटरमध्ये टायर गुळगुळीत होते आणि फोर बाय फोर असो की नसो, गाडी आडवी सरकते. इथे वेग कमी आणि सारखा ठेवावा, मधे थांबू नये, स्टेअरिंग झटक्याने फिरवू नये. पाऊस थांबून काही तास ऊन पडले तर तोच रस्ता निघतो. घाई नसेल तर थांबावे.

धानाची बांधी : ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा भागात रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल टायरच्या अर्ध्याहून खोल असतो. तो ट्रॅक्टरच्या चाकासाठी आहे, कारच्या नाही. बांधीत गाडी घालण्याचा विचारच करू नये.

रेती : वैनगंगा, प्राणहिता, गोदावरीच्या पात्रात उन्हाळ्यात गाड्या उतरतात आणि तिथेच फसतात. रेतीत टायरची हवा कमी करणे हा मुख्य उपाय. नेहमी ३२ ते ३५ पीएसआय असलेली हवा १८ ते २० पर्यंत आणली की टायर पसरते आणि रुतत नाही. मात्र हवा कमी असताना वेगाने वळू नये आणि डांबरावर येताच पुन्हा भरावी. त्यासाठी गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर आणि हवा मोजायचे मीटर जवळ हवे. चाक फिरून रुतायला लागले की ॲक्सिलरेटर दाबू नये. आले त्याच चाकोरीने मागे घ्यावे.

मुरूम आणि गिट्टी : गडचिरोलीतल्या आतल्या रस्त्यांवर कच्ची गिट्टी टायरची बाजू कापते. इथे हवा फार कमी करू नये.

पाणी : इथे हिशेब चुकला की जीव जातो

जुलै २०२२ मध्ये आलापल्ली-भामरागड मार्गावर पेरमिलीजवळच्या नाल्याच्या पुरात ट्रक वाहून गेला आणि माणसे दगावली. ट्रक वाहतो तिथे घरची एसयूव्ही टिकेल असे मानणे चुकीचे आहे. का, ते साध्या हिशेबाने कळते.

मोठ्या एसयूव्हीच्या तळाचे क्षेत्रफळ साधारण सात-आठ चौरस मीटर असते. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढले की गाडीला सुमारे ७०० किलोचा उचल मिळतो. तीस सेंटिमीटर चढले की दोन टनांची गाडी जवळपास तरंगते. आधुनिक गाड्यांची दारे घट्ट बसतात, पाणी लगेच आत येत नाही, म्हणून त्या जास्त तरंगतात. वजन उचलले गेले की टायरची पकड संपते आणि मग फोर बाय फोरचा काही उपयोग नाही. त्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला तर गाडीवरचा दाब चौपट होतो. अमेरिकेतली हवामान सेवा गेली अनेक वर्षे सांगते की वाहते पाणी एक फूट असेल तर लहान कार आणि दोन फूट असेल तर बहुतेक वाहने वाहून जाऊ शकतात.

कंपनी जी पाण्याची खोली सांगते ती साचलेल्या, शांत पाण्यासाठी आणि सावकाश चालवण्यासाठी असते. थारसाठी ती ६५० मिलिमीटर आहे, स्कॉर्पिओ-एनसाठी ५०० मिलिमीटर, म्हणजे साधारण माणसाच्या गुडघ्याइतकी. पुराच्या पाण्याला हा आकडा लागू होत नाही. रपट्याला कठडे नसतात, गढूळ पाण्यात कडा दिसत नाही आणि दोन्ही बाजूंचा भराव खालून वाहून गेलेला असू शकतो. ही गोष्ट कोणत्याही ब्रोशरमध्ये लिहिलेली नसते.

म्हणून नियम सोपा ठेवावा. पाणी वाहते आहे आणि रपट्याचा पृष्ठभाग दिसत नाही, तर थांबावे. लहान नाल्याचा पूर अनेकदा काही तासांत उतरतो. मोठ्या नदीचा फुगवटा असेल, जसा इंद्रावती चढल्यावर भामरागडला होतो, तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही, मुक्कामाची सोय करावी. पेशंट गाडीत असेल तर निर्णय आणखी कठीण होतो. अशा वेळी पलीकडच्या बाजूला दुसरी गाडी किंवा १०८ रुग्णवाहिका बोलावणे आणि प्रशासनाच्या बचाव पथकाची मदत मागणे हाच मार्ग आहे. बाळंतपणाची तारीख पावसाळ्यात येत असेल तर आधीच तालुक्याच्या गावी येऊन राहणे कोणत्याही गाडीपेक्षा भरवशाचे.

शांत पाण्यातून जावेच लागले तर आधी काठीने खोली पाहावी, पहिल्या गिअरमध्ये सारख्या वेगाने जावे, मधे गिअर बदलू नये. इंजिन पाण्यात बंद पडले तर पुन्हा सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवावे. पुढच्या सर्व्हिसला ॲक्सलचे ऑइल तपासावे. ते दुधासारखे झाले असेल तर आत पाणी गेले आहे.

काय बदलावे

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवावा.

१. टायर : मूळ मापातच ऑल टेरेन टायर. चिखलात आणि गिट्टीवर सर्वात जास्त फरक यानेच पडतो. मड टेरेन टायर डांबरावर आवाज करते, ओल्या रस्त्यावर ब्रेकला कमी धरते. ज्याचा रोजचा प्रवास डांबरावर आहे त्याने ते घेऊ नये.

२. ओढण्याचे साहित्य : चांगला पट्टा, दोन शॅकल, फावडे, जॅकखाली ठेवायला जाड फळी. गाडीसोबत येणारा टो हुक कुठे बसतो ते घरीच पाहून ठेवावे. ट्रॅक्टरने ओढताना दोर बंपरला, स्टेअरिंगच्या रॉडला किंवा बुल गार्डला बांधू नये. तुटलेला हुक गोळीसारखा उडतो. दोरावर ओले पोते टाकावे आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभे करावे.

३. पोटाखालची संरक्षक प्लेट : इंजिन आणि गिअरबॉक्सखाली धातूची प्लेट असेल तर दगडाने ऑइल चेंबर फुटत नाही. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मधे चेंबर फुटले तर टोइंगचा खर्च प्लेटपेक्षा जास्त येतो.

४. पूर्ण मापाची स्टेपनी, तीही तपासलेली.

काय टाळावे

गाडी दोन इंच उचलणारा लिफ्ट किट : पोट उंच होते, पण गाडीचा तोलही वर जातो. वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. पुढच्या चाकांचे शाफ्ट वाकड्या कोनात फिरून लवकर झिजतात आणि ज्या आरामासाठी गाडी घेतली तो आरामही जातो.

मोठ्या मापाचे टायर : स्पीडोमीटर कमी वेग दाखवते, पिकअप पडतो, ब्रेकचे अंतर वाढते.

स्नॉर्कल : हा फक्त इंजिनाची हवा उंचावरून घेतो. वायरिंग, सेन्सर, अल्टरनेटर पाण्यातच राहतात आणि गाडी तरंगायची ती तरंगतेच. खोटा धीर देणारी वस्तू.

बुल गार्ड : धडकेचा धक्का बंपरमध्ये न जिरता थेट चेसिसला जातो, एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते आणि पादचाऱ्याला इजा जास्त होते. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितले आहे.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीमधला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अपघातानंतर विमा कंपनी बदलांवर बोट ठेवते. साध्या पॉलिसीत पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाचा खर्च सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते. या भागातल्या मालकाने ती घेणे शहाणपणाचे.

जंगल म्हणजे ट्रॅक नव्हे

ताडोबाचा बफर असो, चपराळा किंवा भामरागड अभयारण्य असो, की रानम्हशींचे कोलामार्का, मंजूर रस्ता सोडून गाडी आत घालणे हा वन आणि वन्यजीव कायद्यांखाली गुन्हा ठरू शकतो. रात्री जंगलातल्या रस्त्यावर वेग कमी ठेवावा आणि जास्तीचे प्रखर दिवे लावू नयेत. वाघ, चितळ, रानडुक्कर दिव्यांनी दिपून जागीच उभे राहतात. सायकलवरचा माणूसही दिपतो.

डिझेल गाडीवाल्यांसाठी एक शेवटची सूचना

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. सतत लो रेंजमध्ये किंवा गावातल्या गावात हळू चालवली तर तो भरतो आणि दिवा लागतो. अधूनमधून मोकळ्या हायवेवर अर्धा तास सारख्या वेगाने चालवली की काजळी जळते. दिवा लागलेला असताना तसेच आत जंगलाकडे निघू नये.

आतल्या गावांत जाण्याआधी कुणाला तरी मार्ग आणि पोहोचायची वेळ सांगावी. अनेक ठिकाणी नेटवर्क नाही. आणि रपट्याजवळ पोहोचल्यावर बटण दाबण्याआधी तिथल्या माणसाला विचारावे की पाणी चढते आहे की उतरते आहे. जुनी टू व्हील बोलेरो जिथून रोज जाते तिथे नवी फोर बाय फोर फसते, कारण बोलेरोवाल्याला कुठे थांबायचे ते माहीत असते.