देव नाही, वाघ बघायला!

आमच्या सिरसाळ्यात बाईला गावाबाहेर पडायला तीन कारणं चालतात. माहेर, लग्न आणि देव. तुळजापूर म्हणा, पंढरपूर म्हणा, कुणी आडवत नाही. पण यंदा आम्ही पाचजणींनी भिशीच्या पैशातून मेळघाटचं जंगल बघायला जायचं ठरवलं, आणि घराघरातून एकच प्रश्न आला. "तितं कोणता देव हाय?"

मला युक्ती सुचली. अकोल्याहून शेगाव जवळच. घरी फक्त 'गजानन महाराजांच्या दर्शनाला' एवढंच सांगायचं! पण आमच्यातली ऊसतोडीला जाणारी शेजारीण फटकन म्हणाली, "आन् वाघ दिसला तर कुणाला सांगायचं? पोटातच ठिवायचा का?" खरं तर सुरुवातीला हीच हसली होती. "उसात बिबट्या फुकट बघितलाय म्या, आता पैसे दिऊन बघू?" तरी पहिले पैसे तिनंच काढले. वर्षानुवर्षं कोयता घेऊन परमुलखात जाणारी बाई, पण नुसतं फिरायला कधीच गेली नव्हती.

तारीख तिच्यामुळेच ठरली. टोळ्या पाडव्याच्या मागेपुढे परततात आणि पावसाळ्यात जंगलाच्या गाभ्यातली सफारी बंद असते. म्हणून एप्रिलअखेर. अकोल्याचं ऊन सोसायचं, पण त्या दिवसांत सागाची पानं गळालेली असतात, जनावरं पाणवठ्यावर येतात. शिवाय चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर, रात्री गारवा. तिथे कॉफीचे मळेही आहेत, आपल्या महाराष्ट्रात!

मेळघाट म्हणजे सातपुड्यातल्या गाविलगडच्या डोंगररांगा. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत हे एक. त्याच्याच पोटात ३६१ चौरस किलोमीटरचं गुगामल राष्ट्रीय उद्यान. पण मैत्रिणींनो, वाघ दिसेलच असं धरून जाऊ नका. ताडोबासारखं इथे नाही, डोंगर आणि दऱ्या फार. अस्वल, गवा, सांबर दिसलं तरी पैसे फिटले म्हणायचे.

वाट अशी. परळीहून परभणी, हिंगोली, वाशीम करत अकोला. तिथून अकोटमार्गे परतवाडा आणि मग घाट चढून चिखलदरा. सगळे मिळून चारशेच्या आसपास किलोमीटर. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून तर हिशेब बसला. सफारीचं आरक्षण आधी करायचं, सोबत ओळखपत्र ठेवायचं. भडक साड्या आणि अत्तर घरी. आणि जे कुणी लिहीत नाही ते मी लिहिते: सफारीत मधेच खाली उतरता येत नाही, तेव्हा निघण्याआधी बाथरूमला जाऊन घ्या. सेमाडोह, कोलकासकडे मोबाईलची रेंजही धड नसते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर इकडे रडारड!

तिथल्या कोरकू बायकाही पोटासाठी गावं सोडतात आणि होळीला परत येतात, हे मी शेजारणीला सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग त्यायच्याशी बोलायचंय मला."

शेवटी आत्याबाईंना मी खरं ते सांगून टाकलं. शेगाव आहेच, पण त्यापुढे दोन दिवस जंगल. त्या काहीच बोलल्या नाहीत. दिवसभर नाही. माझा तर धीरच सुटला. रात्री भाकरी थापताना मागून आवाज आला, "त्या जीपवर चढायला पाय लई उचलावा लागतो का गं?"

"लागतो थोडा."

"स्टूल घिऊ संगं."

जिप्सीत सहाजणी बसतात आणि आम्ही पाच होतो. दुसऱ्या दिवशी मुलाला मोबाईल घेऊन बसवलं आणि आत्याबाईंच्या आधारकार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचून सहाव्या जागेवर घातलं.